डॉकेट नंबर दिलात का? मोबाइल आणि ब्रॉडबँड सेवा देणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या टेलिकॉम कंपन्यांच्या कस्टमर केअरला, सिम विकणाऱ्या फ्रँचायझींना आणि गल्लीबोळांतून फायबर ओढणाऱ्या छोट्या इंटरनेटवाल्यांना ग्राहक-संरक्षणाचे नियम समजावून सांगणं हे माझं पोटापाण्याचं काम. वर्गात सहसा कोणी हात वर करत नाही. खरे प्रश्न येतात ते चहाच्या वेळी, नाहीतर रात्री अकराला व्हॉट्सॲपवर. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत.

ट्राय, दूरसंचार विभाग, ग्राहक आयोग. आम्ही नेमकं ऐकायचं कोणाचं?

तिघांचंही, कारण तिघांची कामं वेगळी आहेत. परवाना दूरसंचार विभाग देतो आणि त्याच्या अटीही तोच घालतो. दर, सेवेचा दर्जा, तक्रार निवारण, नकोसे कॉल यांचे नियम ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, करते. १९९७च्या कायद्याने ती स्थापन झाली. ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाई द्यायला लावतं ते ग्राहक आयोग.

एक गोष्ट तुमच्या कस्टमर केअरच्या मुलांच्या डोक्यात पक्की बसवा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. चिडलेल्या माणसाला "मग ट्रायकडे जा" असं सांगून फोन ठेवणं म्हणजे त्याला बंद दारावर पाठवणं आहे. त्याला अपिलाचा पत्ता द्यायचा असतो, आणि तो तुमच्याच कंपनीत आहे.

फोनवरचं प्रत्येक गाऱ्हाणं म्हणजे "तक्रार" धरायची का?

सेवेची विनंती वेगळी आणि तक्रार वेगळी, हे खरं. पत्ता बदलून द्या, प्लॅन बदला, ही विनंती झाली. नेट बंद आहे, पैसे जास्त कापले, ही तक्रार. ट्रायच्या २०१२च्या तक्रार निवारण नियमांनुसार तक्रार नोंदवली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, द्यावाच लागतो, आणि तो ग्राहकाला एसएमएसने कळवावा लागतो.

गोम वेगळीच आहे. एका कॉल सेंटरमध्ये (नाव नको) भिंतीवर पांढरा फळा होता आणि त्यावर रोजचा तक्रारींचा आकडा लिहायचे. आकडा खाली आला की टीमला वडापाव. मग काय होणार? लालबागच्या एका बाईंनी नेट बंद असल्याचं सहा वेळा फोन करून सांगितलं. सहाही कॉल "चौकशी" म्हणून नोंदले गेले. डॉकेट शून्य. प्रकरण वर गेलं तेव्हा बाईंकडे सहा कॉलच्या तारखा नि वेळा कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेल्या होत्या, आणि कंपनीकडे दाखवायला काहीच नव्हतं. त्या दिवशी मी तो फळा पुसायला लावला.

शंका आली की तक्रार धरा. जास्त तक्रारी नोंदवल्या म्हणून कोणी तुम्हाला फाशी देत नाही. न नोंदवलेली तक्रार मात्र पुढे कशीही वाढते, कारण तिची बाजू सांगणारा एकटा ग्राहकच उरतो.

मुदती किती? थोडक्यात सांगा.

दर्जाच्या नियमांत ज्या तक्रारीला वेगळी मुदत दिलेली नाही, ती तीन दिवसांत सोडवायची. समाधान झालं नाही किंवा मुदत टळली, तर ग्राहक ३० दिवसांत अपील करू शकतो. अपिलाला पैसे लागत नाहीत. अपील आल्यावर तीन दिवसांत त्याचा क्रमांक कळवायचा आणि ३९ दिवसांत निर्णय द्यायचा. अपील थेट फेटाळता येत नाही. ते आधी सल्लागार समितीपुढे जातं, आणि तिथे ग्राहक संघटनेचा प्रतिनिधीही बसतो.

अपील फेटाळायचं असेल तर लिहायचं कसं?

"आपली तक्रार नियमानुसार तपासली असून ती बंद करण्यात येत आहे." हे वाक्य मी शेकडो फायलींत वाचलंय. कुठला नियम? काय तपासलं? कोणी? निर्णयाला कारणं हवीत. "१२ तारखेला रात्री ९.४०ला तुमच्या नंबरवरून १९९ रुपयांचं पॅक घेतल्याची दोन वेळची संमती आमच्या नोंदीत आहे, तिची प्रत सोबत जोडली आहे," असं लिहा. ग्राहक तरीही रागावेल. पण प्रत जोडायची म्हटलं की निम्म्या वेळा लक्षात येतं की संमती नव्हतीच, आणि अपील आपोआप मान्य होतं.

मराठीत बोलणं सक्तीचं आहे का?

ग्राहक सनद इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असायला हवी, आणि फोन लावला की मेनूत सगळ्यात आधी भाषा निवडायची सोय हवी. एवढं नियमाचं झालं.

आता माझं मत. मराठीचा पर्याय दाबला आणि पुढे मराठी न येणारा माणूस बसला, तर तो पर्याय नुसता शोभेचा. आणि तो एसएमएस! "आपले शिल्लक आपणास सूचित केले जाईल." परळच्या चाळीत वाढलेल्या आजोबांना याचा अर्थ काय लागणार? "तुमच्या खात्यात इतके रुपये उरले आहेत" असं लिहायला जास्त पैसे पडत नाहीत. मशीनचं भाषांतर थेट पाठवू नका. एखाद्या मराठी माणसाकडून वाचून घ्या.

ग्राहकाने कॉलर ट्यून, ज्योतिष, क्रिकेट अलर्ट यांना "हो" म्हटलं होतं. तरी भांडतो. काय करायचं?

हो कसं म्हटलं, हे आधी बघा. ट्रायच्या २०१३च्या निर्देशानुसार मूल्यवर्धित सेवेला दोनदा संमती लागते: एकदा ग्राहकाने मागायची, आणि मग किंमत व मुदत सांगून त्याच्याकडून दुसऱ्यांदा पक्कं करून घ्यायचं. सेवा चालू झाल्यापासून २४ तासांच्या आत त्याने नको म्हटलं तर पैसे परत करायचे. बंद करायला टोल फ्री नंबर आहे १५५२२३.

हा विषय माझ्या घरचा आहे. आई गिरगावात राहायची, साध्या बटणांच्या फोनवर. फोन वाजला की ती आधी स्टार दाबायची, कारण तिच्या मते त्याने आवाज मोठा होतो. एक दिवस मी फोन लावला तर भजन वाजू लागलं. मला वाटलं, आईने हौसेने लावलंय. आईला वाटलं, मी लावून दिलंय. दोन महिने महिन्याला तीस रुपये जात राहिले, आणि भजन छान होतं म्हणून कोणीच बोललं नाही! कंपनीला संमतीची नोंद मागितली, तर "वापरकर्त्याने स्टार दाबला" एवढंच आलं. दुसरी संमती कुठेच नव्हती. पैसे परत मिळाले. भजन मात्र आईने नंतर पैसे देऊन लावून घेतलं, तो भाग वेगळा.

२८ दिवसांचे प्लॅन देणं बेकायदेशीर आहे का?

नाही. पण फक्त तेवढेच देणं चालत नाही. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात १३ रिचार्ज होतात आणि ग्राहकाला ते खुपतं. ट्रायच्या जानेवारी २०२२च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन व्हाउचर, एक स्पेशल टॅरिफ व्हाउचर आणि एक कॉम्बो व्हाउचर ३० दिवसांचं ठेवायचं, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नवं होणारंही ठेवायचं. तुमचा दुकानदार ते दाखवतो का, हा खरा प्रश्न. विचारल्यावर "तसलं काही नाही" म्हणणारे बरेच आहेत, कारण त्यावर कमिशन कमी पडतं.

डिसेंबर २०२४च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट आली: फक्त कॉल आणि एसएमएसचं, डेटा नसलेलं व्हाउचर ठेवायला हवं. स्पेशल व्हाउचरची कमाल मुदतही ९० वरून ३६५ दिवस झाली. ज्यांच्या घरी वायफाय आहे आणि सिम फक्त बँकेच्या ओटीपीसाठी आहे, अशा ज्येष्ठांना हे व्हाउचर आपणहून सांगा. विचारेपर्यंत थांबू नका.

वापरत नसलेलं सिम कधी बंद करता येतं?

सलग ९० दिवस काहीच वापर नसेल तर. पण प्रीपेड खात्यात २० रुपये किंवा जास्त शिल्लक असतील, तर ते २० कापून पुढचे ३० दिवस नंबर चालू ठेवायचा. गावी गेलेल्या माणसाचा नंबर परत आल्यावर दुसऱ्याकडे गेलेला असला, तर मोठी भांडणं होतात. त्याची बँक त्या नंबरला जोडलेली असते.

जाहिरातीत "अनलिमिटेड" लिहिलं तर चालेल का?

खरोखर अमर्याद असेल तर खुशाल लिहा. दिवसाला ठरावीक डेटा, त्यानंतर वेग खाली, असं असेल तर मर्यादा किती आणि नंतरचा वेग किती, हे तिथेच आणि वाचता येईल अशा अक्षरात द्या. ट्रायच्या दर-पारदर्शकतेच्या निर्देशात हे आलंय, आणि वरून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहेच. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तसं केलं तर ५० लाखांपर्यंत.

ॲपमधल्या चलाख्याही याच खात्यात जातात. आधीच टिक मारून ठेवलेलं ॲड-ऑन, बंद करायचं बटण सात पानं आत, शेवटच्या पायरीला वाढलेली किंमत. याच प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ प्रकारांची यादी आहे. "डिझायनरने केलं" हे उत्तर तिथे चालत नाही.

नेटवर्क दिवसभर गेलं तर भरपाई द्यावी लागते?

ट्रायच्या २०२४च्या दर्जा-नियमांनी हे आणलं. एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांपेक्षा जास्त ठप्प राहिली, तर पोस्टपेडवाल्याला त्या दिवसांच्या भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ. एखाद्या दिवशी १२ तासांहून जास्त सेवा बंद असली, तर तो पूर्ण दिवस धरायचा. घरगुती लाइनचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तरी ग्राहकाला काही परत द्यावं लागतं.

इथे मुंबईची एक गंमत लक्षात ठेवा. मुंबई म्हणजे दोन जिल्हे: मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. माहीम, शीव ओलांडलं की उपनगर सुरू. माहीमचा ग्राहक एका हिशेबात, वांद्र्याचा दुसऱ्या. तुमच्या यंत्रणेत "मुंबई" असं एकच नाव असेल तर भरपाईचा हिशेब चुकणार, हे लिहून देतो.

नैसर्गिक आपत्ती यातून वगळली आहे. पण रस्ता काँक्रीटचा करताना जेसीबीने केबल तोडली, ही आपत्ती नैसर्गिक नाही, कितीही नेहमीची वाटली तरी. २६ जुलै २००५ सारखा पाऊस वेगळा आणि दर पावसाळ्यात पाणी भरणारा तुमचा जॉइंट बॉक्स वेगळा.

कॉल कटला की एक रुपया द्यायचा नियम होता ना?

होता. २०१५मध्ये ट्रायने दर कॉल ड्रॉपला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, असा नियम केला. ११ मे २०१६ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा तो रुपया मागणाऱ्या ग्राहकाला नीट समजावून सांगा, हसू नका. कॉल ड्रॉप मोजले जातातच आणि दर्जा-नियमांत त्यांची मर्यादाही आहे.

मी दादरमध्ये छोटं ब्रॉडबँड चालवतो. माझ्याच मोबाइलवरून सोसायट्यांना ऑफरचे एसएमएस पाठवले तर बिघडलं काय?

बरंच. दहा आकडी साध्या नंबरवरून प्रचाराचे एसएमएस किंवा कॉल करणं म्हणजे नोंदणी नसलेलं टेलिमार्केटिंग. प्रचाराच्या कॉलसाठी १४० ची मालिका आहे, एसएमएससाठी नोंदवलेलं हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्पलेट (मजकुराचा साचा) लागतं. फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीनंतर ग्राहकाला तक्रार करायला सात दिवस मिळतात, नोंदणी नसलेल्या पाठवणाऱ्यावर कंपनीने पाच दिवसांत कारवाई करायची, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होते. डीएनडी, म्हणजे "प्रचाराचे कॉल नकोत" अशी नोंद, न घेतलेला ग्राहकसुद्धा तक्रार करू शकतो. पहिल्या वेळी तुमचं आउटगोइंग १५ दिवस बंद. पुन्हा केलंत तर सगळे नंबर वर्षभरासाठी तोडतात आणि नाव काळ्या यादीत जातं.

ब्रॉडबँडवाल्याचा फोन वर्षभर बंद! ग्राहक नेट बंद असल्याचं सांगणार कुठे? त्यापेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून नोटीस बोर्डावर कागद लावा.

पोर्टची, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, मागणी आली की "रिटेन्शन"वाले (ग्राहक टिकवायचं काम करणारे) ग्राहकाला फोन करतात. चालतं का?

दर सगळ्यांना सारखे आणि जाहीर केलेले हवेत. निघालेल्या माणसालाच गुपचूप वेगळा दर देणं हे टॅरिफच्या भेदभाव न करण्याच्या अटीला छेद देणारं आहे. १९००वर मेसेज आल्यावर पात्र ग्राहकाला युनिक पोर्टिंग कोड द्यायचा. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. थकबाकी आहे, ९० दिवस पूर्ण झालेले नाहीत, अशी नियमातलीच कारणं दाखवून नकार देता येतो. "सिस्टीम डाउन" हे त्यात नाही. सिम बदलल्यावर सात दिवस कोड मिळत नाही, हे जुलै २०२४पासून फसवणूक टाळण्यासाठी आणलंय.

मुंबई हे स्वतंत्र सेवाक्षेत्र आहे. नवी मुंबई आणि कल्याणही त्यातच येतं. पुणे मात्र महाराष्ट्र-गोवा क्षेत्रात. त्यामुळे मुंबईतल्या मुंबईत पोर्ट तीन कामाच्या दिवसांत, आणि मुंबईचा नंबर पुण्याच्या क्षेत्रात नेताना पाच. ग्राहकाला हे आधी सांगितलं की चौथ्या दिवशी तो दुकानात येऊन टेबल आपटत नाही.

दुकानदाराने चुकीचं सिम दिलं तर जबाबदारी कोणाची?

तुमची. विक्रेत्याची नोंदणी करणं कंपनीवर आहे, आणि नोंदणी नसलेल्याकडून सिम विकलं गेलं तर दंड १० लाख रुपये आहे. स्टेशनबाहेर छत्री लावून बसणाऱ्या मुलांपासूनच हे सुरू होतं.

त्यांची एक युक्ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. "काका, अंगठा आला नाही, परत लावा." काका परत लावतात. पहिला अंगठा आलेला असतो. दुसऱ्यावर दुसरं सिम निघतं. एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात, आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं. तिथून "हा माझा नाही" अशी नोंद आली की विक्रेत्याच्या त्या दिवसाच्या सगळ्या विक्रीची तपासणी करा. एकच सिम बंद करून गप्प बसू नका.

एका गृहस्थांना बायकोच्या कॉलची यादी हवी आहे. बिल तेच भरतात. द्यायची का?

कनेक्शन बाईंच्या नावावर असेल तर अजिबात नाही. बिल कोण भरतं याच्याशी त्याचा संबंध नाही. पोलिसांनी मागितली तरी ठरलेल्या दर्जाच्या अधिकाऱ्याचं, मुंबईत किमान उपायुक्ताचं, लेखी पत्र लागतं. स्वतःच्या प्रीपेड नंबरचा तपशील मात्र कोणीही मागू शकतं. त्याला जास्तीत जास्त ५० रुपये घेता येतात.

ग्राहक थेट ग्राहक आयोगात जाऊ शकतो का? आमचे वकील नाही म्हणतात.

तुमच्या वकिलांची माहिती जुनी आहे. २००९च्या एका निकालाचा आधार घेऊन कंपन्या बरीच वर्षं "टेलिग्राफ कायद्यानुसार लवादाकडे जा" असं म्हणत आल्या. १६ फेब्रुवारी २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने तो वाद मिटवला. प्रकरण अहमदाबादच्या एका ग्राहकाचं होतं: महिन्याला सरासरी ५५५ रुपयांचं बिल यायचं, ते एकदम २४,६०९ वर गेलं. न्यायालय म्हणालं, ग्राहक आयोगाला अधिकार आहे. २०१९च्या कायद्यात तर सेवेच्या व्याख्येतच दूरसंचार हा शब्द आहे.

आता व्यवहार. तक्रार करायला दोन वर्षांची मुदत. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुख्य म्हणजे ग्राहक स्वतः राहतो त्या भागातल्या आयोगाकडे जाऊ शकतो, आणि ऑनलाइनही. तुमचं मुख्य कार्यालय दिल्लीत आहे म्हणून त्याला दिल्ली गाठावी लागत नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी जुनी संस्था, नाहीतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, त्याला वाट दाखवते. वकील नसला तरी चालतं. समोर एक निवृत्त शिक्षक, हातात पिशवी, पिशवीत तारखेनुसार लावलेले स्क्रीनशॉट. आणि तुमच्याकडून आलेला ज्युनियर पुढची तारीख मागतोय. असं मी पाहिलंय.

रेकॉर्ड किती दिवस ठेवायचं?

कॉलच्या नोंदी परवान्याच्या अटीनुसार किमान दोन वर्षं. संमती, डॉकेट, तंत्रज्ञ कधी गेला, काय बोलणं झालं, हे मी तीन वर्षं ठेवायला सांगतो, कारण आयोगाच्या दोन वर्षांच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी तक्रार झाली तर नोटीस हातात पडेपर्यंत आणखी काही महिने जातात.

सॉफ्टवेअर महागडं नसलं तरी चालेल. चिंचपोकळीच्या एका केबलवाल्याकडे दोनशे पानी वही होती. एका ग्राहकाचं म्हणणं होतं की आठ दिवस कोणी फिरकलंच नाही. वहीत केबलवाल्याच्या पोराच्या अक्षरात लिहिलेलं: "१४ ता. ४.१० वा. गेलो. वहिनी घरी नव्हत्या, कुलूप. शेजारच्या आजींना नंबर देऊन आलो. १५ ता. ११ वा. परत गेलो, राउटरची वायर उंदराने खाल्ली, बदलली. सही घेतली." खाली सही होती. त्या पानाची झेरॉक्स काढून जोडली, आणि पुढच्या तारखेला ग्राहकाने तक्रार मागे घेतली.